पावसाळ्यात धुरकटणारी काच आणि विस्मृतीत गेलेला फिल्टर

प्रतिनिधी

मृगाच्या सरी सुरू झाल्या की शनिवार-रविवारी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींची रीघ लागते. लोणावळा, माळशेज, ताम्हिणी, आंबोली ही ठिकाणे तर पावसासाठीच ओळखली जातात. निघण्यापूर्वी जागरूक वाहनधारक टायर पाहतात, ब्रेक तपासतात, वायपरची रबरे बदलून घेतात. तरीही घाट चढू लागल्यावर अनेकांची पंचाईत होते, ती वेगळ्याच कारणाने. बाहेरचे पाणी वायपर इमानेइतबारे दूर सारत असतो. पण काच काही स्वच्छ होत नाही. तिच्यावर पांढुरका पडदा पसरू लागतो. समोरच्या ट्रकचे तांबडे दिवे पुसट होतात आणि वळणावरचा दगडी कठडा दिसेनासा होतो.

अशा वेळी आपल्याकडे सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे फडके. चालक एका हाताने चाक धरतो आणि दुसऱ्या हाताने काच पुसतो, किंवा शेजारी बसलेल्याकडे ते काम सोपवतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने धावणारी मोटार एका सेकंदात २२ मीटर अंतर कापते. काच पुसण्यात तीन सेकंद गेले, तर तेवढ्या वेळात साठ मीटरहून अधिक रस्ता जवळजवळ आंधळेपणाने पार झालेला असतो. शिवाय पुसलेल्या जागी मिनिटभरात पुन्हा वाफ धरते, ती निराळीच.

वास्तविक या दुखण्यावरचा इलाज एसी असलेल्या प्रत्येक मोटारीत असतो. तो डॅशबोर्डवरच्या दोन-तीन बटणांत आणि डॅशबोर्डमागे दडलेल्या एका साध्या फिल्टरमध्ये आहे. मात्र कोणते बटण केव्हा दाबायचे आणि तो फिल्टर केव्हा बदलायचा, याबद्दल वर्षानुवर्षे मोटार चालवणाऱ्यांच्या मनातही गोंधळ आढळतो. तो दूर व्हायचा, तर काचेवर बाष्प मुळात का जमते, हे समजून घ्यावे लागेल.

बाष्प येते कोठून?

थंड पाण्याने भरलेला तांब्या उन्हाळ्यात ओट्यावर ठेवला, की थोड्याच वेळात त्याच्या बाहेरच्या अंगाला पाण्याचे थेंब दिसू लागतात. ते पाणी तांब्यातून पाझरलेले नसते. ते हवेतून आलेले असते. हवा जितकी उष्ण, तितकी तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता अधिक. ३० अंश सेल्सिअस तापमानाला एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम बाष्प राहू शकते. २० अंशांना हीच क्षमता १७ ग्रॅमच्या आसपास येते, तर १० अंशांना जेमतेम साडेनऊ ग्रॅम उरते. बाष्पाने भरलेली हवा थंड पृष्ठभागाला टेकली, की तिला सारे बाष्प पेलवत नाही आणि उरलेले पाणी त्या पृष्ठभागावर सूक्ष्म थेंबांच्या रूपाने जमा होते. ज्या तापमानाला हे घडू लागते त्याला दवबिंदू तापमान म्हणतात.

हाच नियम मोटारीच्या काचेला लागू पडतो. समजा, आतल्या हवेचे तापमान २७ अंश आणि सापेक्ष आर्द्रता ८० टक्के आहे. अशा हवेचे दवबिंदू तापमान २३ अंशांच्या किंचित वर असते. बाहेर पावसाच्या माऱ्याने आणि वाऱ्याने काच २१-२२ अंशांपर्यंत थंड झालेली असली, तर आतल्या बाजूने ती धुरकटणारच. घाटात हे अधिक का होते, याचे उत्तरही यातच आहे. खोपोलीहून लोणावळ्याला पोहोचेपर्यंत साडेपाचशे मीटरच्या आसपास चढण होते आणि तेवढ्यात बाहेरचे तापमान तीन-चार अंशांनी उतरते. मोटारीतली हवा मात्र खालचीच, दमट आणि उबदार राहिलेली असते.

आतली हवा दमट करण्यात सर्वांत मोठा वाटा प्रवाशांचाच असतो. स्वस्थ बसलेला माणूसदेखील श्वासावाटे आणि त्वचेवाटे तासाला सुमारे ५० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. चार जणांचे कुटुंब तासाभरात एक मोठा पेलाभर पाणी हवेत मिसळते, असा याचा अर्थ. मध्यम आकाराच्या मोटारीत हवा असते सुमारे तीन घनमीटर. २५ अंशांना एवढी हवा कमाल ७० ग्रॅमच्या आसपास बाष्प सामावून घेऊ शकते. म्हणजे काचा घट्ट लावून आणि आतलीच हवा फिरवत प्रवास केला, तर काच धुरकटायला तासभरसुद्धा लागत नाही. त्यात भिजलेल्या छत्र्या, रेनकोट, ओले बूट आणि धबधब्याखाली चिंब होऊन आलेली मंडळी यांची भर पडली, की काही मिनिटांतच समोरचे दिसेनासे होते.

आतून की बाहेरून?

उपाय करण्यापूर्वी एक प्रश्न विचारणे अत्यावश्यक आहे. बाष्प काचेच्या कोणत्या अंगाला आहे? दोन्ही प्रकार दिसायला सारखेच असतात. पण त्यांची कारणे परस्परविरुद्ध आहेत आणि एकावरचा उपाय दुसऱ्याला अपाय ठरू शकतो.

ओळखण्याची रीत सोपी आहे. गाडी उभी असताना काचेच्या कोपऱ्यात आतून बोट फिरवावे. रेघ उमटली तर बाष्प आत आहे. उमटली नाही आणि वायपर एकदा फिरवल्यावर काच स्वच्छ झाली, तर ते बाहेर आहे.

आतून धरणारे बाष्प थंड काच आणि दमट आतली हवा यांमुळे येते. बाहेरून धरणाऱ्या बाष्पाचे कारण अगदी उलटे असते आणि मुंबई-कोकणात ते विशेष आढळते. जुलैच्या रात्री किनारपट्टीवर तापमान २७ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असते, तेव्हा बाहेरच्या हवेचे दवबिंदू तापमान २५ अंशांच्या घरात जाते. अशा वेळी एसी अगदी थंड करून त्याचा झोत पुढच्या काचेवर सोडला, तर काचच २२ अंशांपर्यंत गार होते. मग तांब्याबाबत जे घडते, तेच तिच्याबाबत घडते. बाष्प बाहेरच्या अंगाला धरते. आता चालक हे बाष्प आतले समजून झोत आणखी वाढवतो, काच आणखी गार होते आणि पडदा आणखी दाट होतो.

बाहेरच्या बाष्पावर पहिला उपाय वायपर. मात्र तेवढ्याने ते थांबत नाही. एसीचे तापमान दोन-चार अंशांनी वाढवावे, काचेकडे जाणारा झोत बंद करून तो समोर किंवा पायांकडे वळवावा. काच थोडी उबदार झाली, की बाष्प धरणे आपोआप थांबते.

एसीचे मूळ काम कोरडेपणा

आतल्या बाष्पावर सर्वांत परिणामकारक साधन म्हणजे एसी. तरीही पावसाळा आला की अनेक घरांत एसीला सुट्टी दिली जाते. ‘बाहेर एवढा गारवा असताना एसी कशाला?’ हा प्रश्न वरकरणी बिनतोड वाटतो. एसी म्हणजे थंडावा, अशी समजूत त्यामागे असते. ती अपुरी आहे.

आधुनिक एसीचा जन्मच थंडाव्यासाठी झालेला नव्हता. १९०२ मध्ये न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथील एका छापखान्याला दमटपणाने हैराण केले होते. हवेतल्या ओलाव्यानुसार कागद फुगे आणि आकसे. त्यामुळे एकावर एक छापायचे रंग जागेवर बसत नसत. विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने त्यावर जी यंत्रणा आखली, तिचा हेतू हवेतील आर्द्रतेवर नियंत्रण ठेवणे हा होता. मोटारीतला एसी आजही तेच काम करतो. ब्लोअरने ओढलेली हवा अतिथंड कूलिंग कॉइलवरून जाते, तिच्यातले बाष्प कॉइलवर पाणी होऊन साचते आणि नळीवाटे खाली गळते. एसी लावून उभ्या असलेल्या मोटारीखाली पाण्याचे जे थारोळे दिसते, ते या कामाचा पुरावाच होय.

कॉइलवरून बाहेर पडलेली हवा थंड असते, तशीच कोरडीही असते. ती पुन्हा थोडी गरम केली, तर तिची बाष्प शोषण्याची भूक आणखी वाढते. म्हणूनच आतले बाष्प घालवण्याची सर्वांत प्रभावी पद्धत म्हणजे एसी आणि हीटर एकाच वेळी चालवणे. ‘एकीकडे थंड आणि दुसरीकडे गरम’ हा विरोधाभास वाटतो. पण एसी हवा कोरडी करतो, हीटर तिला ऊब देतो आणि ती कोरडी, उबदार हवा काचेवरचे पाणी झटकन टिपून घेते. पेट्रोल, डिझेल आणि सीएनजीच्या मोटारींत हीटरसाठी लागणारी उष्णता इंजिनाच्या तापलेल्या कूलंटमधून येते. एरवी ती वायाच जाते. त्यामुळे तिच्यासाठी वेगळे इंधन जाळावे लागत नाही. विजेवरच्या मोटारींत मात्र ही उष्णता बॅटरीच्या विजेतूनच निर्माण करावी लागते, हे लक्षात घ्यायला हवे.

इथे एक खबरदारी आहे. एसी चालू असताना कॉइल ओली झालेली असते. एसी एकाएकी बंद करून ब्लोअर तसाच ठेवला, तर कॉइलवरचे पाणी पुन्हा वाफ होऊन थेट काचेवर येते आणि क्षणार्धात समोरचे दिसेनासे होते. घाटात, वळणावर किंवा बोगद्याच्या तोंडाशी एसी बंद करण्याचा मोह टाळावा, तो याचसाठी.

एक बटण, अनेक गैरसमज

डॅशबोर्डवर मोटारीचे चित्र आणि तिच्या आत वळलेला बाण असलेले एक बटण असते. ते दाबले की बाहेरची हवा आत येणे बंद होते आणि आतलीच हवा पुन:पुन्हा फिरवली जाते. उन्हाळ्यात गाडी लवकर थंड व्हावी म्हणून आणि ट्रकचा धूर आत येऊ नये म्हणून हे बटण उपयोगी पडते. अडचण अशी, की उन्हाळ्यात दाबलेले हे बटण अनेक गाड्यांत बाराही महिने तसेच राहते.

पावसाळ्यात काच धुरकटण्यामागे हे सर्वांत सामान्य कारण आहे. एसी बंद आणि आतलीच हवा फिरती, म्हणजे श्वासातून बाहेर पडलेल्या बाष्पाला कोठेही वाट नाही. ‘बाहेर तर १०० टक्के दमट हवा आहे, ती आत घेतली तर बाष्प वाढणार नाही का?’ अशी शंका घेतली जाते. ती रास्त आहे. पण बाहेरून येणारी हवा एसी चालू असताना कॉइलवरून, म्हणजे कोरडी होऊनच आत येते. शिवाय घाटातली बाहेरची हवा थंड असते आणि थंड हवा कितीही दमट असली, तरी तिच्यात एकूण पाणी कमीच असते. आत येऊन ती थोडी तापली की बाष्प टिपण्यास मोकळी होते.

बंद हवेचा दुसरा धोका दिसत नाही. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दशलक्षात सव्वाचारशे भागांच्या आसपास असते. चार जण बसलेल्या बंद मोटारीत ते दहा-पंधरा मिनिटांतच काही हजारांवर जाऊ शकते. डोके जड होणे, जांभया येणे, पेंग येणे ही त्याची लक्षणे होत. लांबच्या प्रवासात चालकाला येणाऱ्या गुंगीमागे अपुरी झोप हे मुख्य कारण असले, तरी बंद हवा तिच्यात भर घालते. धुराच्या पट्ट्यातून जाताना आतली हवा फिरवावी आणि तो पट्टा ओलांडला की बाहेरची हवा पुन्हा चालू करावी, हा नियम म्हणूनच पाळावा.

पुढच्या काचेचे, पंख्यासारखा आकार आणि त्यात वर जाणारे नागमोडी बाण असे चिन्ह असलेले बटण बाष्प घालवण्यासाठीच असते. अनेक मोटारींत ते दाबताच एसी सुरू होतो, बाहेरची हवा घेतली जाते आणि सारा झोत काचेवर वळतो. साध्या मॉडेलमध्ये मात्र ते केवळ झोताची दिशा बदलते. एसी आणि बाहेरची हवा चालकालाच चालू करावी लागते. आपल्या मोटारीत यांपैकी काय घडते, हे पुस्तिकेत एकदा पाहून ठेवलेले बरे. घाटात ते शोधत बसण्याची वेळ येऊ नये.

विस्मृतीत गेलेला फिल्टर

सर्व बटणे योग्य दाबूनही काच लवकर स्वच्छ होत नसेल, तर संशयाची सुई केबिन एअर फिल्टरकडे वळते. मोटारीत हवेचे दोन फिल्टर असतात आणि त्यांच्याबद्दल नेहमी गल्लत होते. एक इंजिनासाठी. तो चुकला तर मायलेज घटते, म्हणून त्याची आठवण सर्वांना राहते. दुसरा माणसांसाठी. तो चुकला तर गाडी चालतच राहते, म्हणून त्याची आठवण कोणालाच राहत नाही. आपल्याकडे पूर्वी कित्येक स्वस्त मोटारींत या फिल्टरची जागा असे, फिल्टर नसे. त्यामुळे जुन्या वाहनधारकांना अशी काही वस्तू असते, हेच ठाऊक नसल्याचे आढळते.

हा फिल्टर म्हणजे घड्या घातलेल्या कागदासारख्या किंवा कृत्रिम धाग्यांच्या कापडाची चौकट. ब्लोअरने ओढलेली हवा कूलिंग कॉइलकडे जाण्यापूर्वी त्यातून गाळली जाते. साधा फिल्टर धूळ, परागकण, पानांचे तुकडे आणि कीटक अडवतो. दुसऱ्या प्रकारात सक्रिय कार्बनचा थर असतो. तो दुर्गंध आणि काही वायूही शोषून घेतो. पीएम २.५ म्हणून ओळखले जाणारे अतिसूक्ष्म कण, म्हणजे ज्यांचा व्यास अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी असतो असे कण, अडवण्यासाठी अधिक दाट विणीचा फिल्टर लागतो. साधा फिल्टर त्यांपैकी काहीच थोपवू शकतो. कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू मात्र यांपैकी कोणताही फिल्टर अडवत नाही. म्हणूनच बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून मोटारीत बसणे किंवा झोपणे जिवावर बेतू शकते. ‘चांगला फिल्टर बसवला आहे’ हे त्याचे उत्तर नव्हे.

शहरातील रहिवाशांना या फिल्टरचे महत्त्व हिवाळ्यात अधिक जाणवते. पीएम २.५ साठी भारताचे २००९ पासूनचे वार्षिक मानक घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आपली शिफारस ५ मायक्रोग्रॅमवर आणली. मुंबईत हवा इतकी बिघडली होती, की ऑक्टोबर २०२३ मध्ये महापालिकेला बांधकामांच्या धुळीसाठी स्वतंत्र नियमावली जाहीर करावी लागली. सिग्नलवर अडकलेल्या मोटारीत बसलेल्यांच्या फुप्फुसांत जाणारी हवा याच फिल्टरमधून येत असते.

काचेशी त्याचा संबंध सरळ आहे. बाष्प टिपायला कोरडी हवा लागते, तशीच ती पुरेशा जोराने यावी लागते. फिल्टर धुळीने गच्च झाला, की ब्लोअर चारवर ठेवूनही हवा दोनची येते. आतली दमट हवा वेगाने बदलली जात नाही, काचेच्या वरच्या भागापर्यंत झोत पोहोचत नाही आणि जे बाष्प दोन मिनिटांत जायला हवे, त्याला दहा मिनिटे लागतात. कॉइलवरून पुरेशी हवा न गेल्याने कधी कधी तिच्यावर बर्फही धरतो आणि हवा जवळजवळ बंदच होते. ‘गॅस कमी झाला असेल’ असे समजून एसीचा गॅस भरून घेणाऱ्यांना नंतर कळते, की खरा दोष काही शे रुपयांच्या फिल्टरचा होता.

फिल्टर पाहावा कसा?

बहुतेक मोटारींत हा फिल्टर डाव्या बाजूच्या ग्लव्ह बॉक्समागे असतो. कप्पा रिकामा करून त्याच्या दोन्ही कडा आत दाबल्या, की तो खाली झुकतो आणि मागे एक आडवे झाकण दिसते. ते काढले की फिल्टर ड्रॉवरसारखा बाहेर सरकतो. काही मॉडेलमध्ये तो पायांजवळ किंवा वायपरखालच्या जाळीमागे असतो. पुस्तिकेत जागा दिलेली असते आणि बहुतेक वेळा हत्यारेही लागत नाहीत.

बाहेर काढलेला फिल्टर उजेडासमोर धरावा. घड्यांमध्ये काळी-करडी धूळ, सुकलेली पाने, कुबट वास किंवा बुरशीचे डाग दिसले, तर तो बदलावाच. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या मोटारींत उंदरांनी कुरतडलेला कागद आणि शेंगांची टरफलेही सापडतात. नवा फिल्टर बसवताना त्याच्या कडेवरचा बाण हवेच्या प्रवाहाच्या दिशेने आहे, याची खात्री करावी. तो उलटा बसला तर नीट काम करत नाही. जुना साधा फिल्टर एखाद-दुसऱ्या वेळी हलक्या हाताने झटकून वापरता येतो. पाण्याने धुणे मात्र टाळावे. ओलसर राहिलेला फिल्टर बुरशीला आमंत्रण देतो आणि कार्बनचा थर तर धुतल्याने निकामीच होतो.

किती दिवसांनी बदलावा? उत्पादकांच्या सूचना सामान्यत: १० ते २० हजार किलोमीटर किंवा वर्षभर अशा असतात. मेट्रोची किंवा उड्डाणपुलांची कामे चाललेल्या शहरांत, कच्च्या रस्त्यांवर आणि साखर कारखान्यांच्या परिसरात तो लवकर भरतो. वर्षातून एकच वेळ निवडायची, तर मेअखेर, पाऊस सुरू होण्यापूर्वीची उत्तम. उन्हाळ्याची सारी धूळ तोवर त्यात साचलेली असते. सर्व्हिसिंगच्या बिलात ‘एसी फिल्टर बदलला’ असे लिहिलेले असेल, तर जुना फिल्टर दाखवण्यास सांगावे. त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

ओलावा आतच मुरलेला असेल तर

पाऊस नसतानाही रोज सकाळी काचा आतून ओल्या दिसत असतील, तर मोटारीत कोठेतरी पाणी मुरत आहे, असे समजावे. पायपुसण्या उचलून खालचा गालिचा हाताने दाबून पाहावा. डाव्या बाजूला पायांजवळ तो ओला असेल, तर कूलिंग कॉइलचे पाणी बाहेर टाकणारी नळी चिखलाने किंवा पानांनी तुंबलेली असण्याची शक्यता मोठी. एसी बराच वेळ चालूनही गाडीखाली पाणी गळत नसेल, तर ही शंका बळावते. वायपरखालच्या जाळीत साचलेला पाचोळा, फाटलेली दाराची रबरे आणि डिकीच्या कडेने झिरपणारे पाणी हीदेखील नित्याची कारणे होत.

एक खूण मात्र गंभीर आहे. काचेवरचे बाष्प चिकट, तेलकट वाटत असेल, गाडीत गोडसर वास येत असेल आणि कूलंटची पातळी सारखी उतरत असेल, तर हीटरची कॉइल गळत असण्याचा संभव असतो. अशा वेळी फडके आणि बटणे बाजूला ठेवून मेकॅनिक गाठावा. कूलंट संपत गेले तर इंजिन तापून बंद पडू शकते.

पुसण्याची रीत

काच आतून अस्वच्छ असली, की बाष्प तिच्यावर अधिक लवकर आणि अधिक धूसर धरते. नव्या मोटारीत डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकमधून निघणारी वाफ, सिगारेटचा धूर आणि हाताचा तेलकटपणा यांचा पातळ थर काचेवर साचतो. दिवसा तो दिसत नाही. रात्री समोरून दिवे आले की जाणवतो. उघड्या तळव्याने काच पुसली, की हा थर वाढतो. आठवड्यातून एकदा काच आतून मायक्रोफायबरच्या कोरड्या फडक्याने किंवा जुन्या वर्तमानपत्राच्या बोळ्याने स्वच्छ करावी.

पूर्वी ट्रकचालक वायपर बंद पडला की काचेवर तंबाखू किंवा कापलेला बटाटा चोळत. आजही साबण किंवा दाढीचे फोम आतून चोळून पुसून टाकण्याचा सल्ला दिला जातो. त्यात तथ्य आहे. साबणाच्या अंशामुळे पाणी थेंबांऐवजी सलग पातळ थरात पसरते, त्यामुळे आरपार दिसत राहते. परंतु तो थर जाड राहिला, तर रात्री प्रकाश फाकतो. हा तात्पुरता आधार आहे. कोरड्या हवेची जागा तो घेऊ शकत नाही.

मागच्या काचेवरच्या तांबूस रेषा म्हणजे विजेने तापणाऱ्या तारा. त्यांचे बटण दाबल्यावर काही मिनिटांत काच स्वच्छ होते आणि बहुतेक मोटारींत ते ठरावीक वेळाने आपोआप बंद होते. ही काच पुसताना फडके रेषांच्या दिशेनेच फिरवावे. आडवेतिडवे घासल्यास तार तुटते आणि तेवढी रेघ कायमची धूसर राहते. बाजूच्या काचांसाठी डॅशबोर्डच्या दोन टोकांच्या जाळ्या आरशांच्या दिशेने वळवाव्यात. आरसा स्वच्छ असूनही समोरची काच धूसर असेल, तर मागून येणारा दुचाकीस्वार दिसत नाही, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

हे लक्षात ठेवा

– प्रथम पाहा: बाष्प आत आहे की बाहेर.
– आत असेल तर: एसी चालू, बाहेरची हवा चालू, झोत काचेवर, तापमान थोडे उबदार, ब्लोअर जोरात.
– बाहेर असेल तर: वायपर फिरवा, एसीचे तापमान वाढवा, काचेवरचा झोत बंद करा.
– तातडीच्या वेळी दोन्ही बाजूंच्या खिडक्या दोन बोटे उघडा. आतली दमट हवा लगेच बाहेर पडते.
– घाटात एसी एकाएकी बंद करू नका.
– ओल्या छत्र्या आणि रेनकोट पिशवीत घालून डिकीत ठेवा. पायपुसण्या मुक्कामी वाळवा.
– पावसाळ्यापूर्वी केबिन फिल्टर बघा, गच्च असल्यास बदला.
– काही केल्या दिसत नसेल तर सुरक्षित जागी थांबा. चालत्या गाडीत काच पुसू नका.

एसीमुळे इंधन अधिक लागते, हे खरे. परंतु पावसाळ्यातल्या गार हवेत कॉम्प्रेसरवर उन्हाळ्याइतका ताण पडत नाही, आणि काच स्वच्छ झाल्यावर एसी सतत अतिथंड ठेवण्याचीही गरज नसते. काही थेंब पेट्रोल वाचवण्यासाठी डोळ्यांसमोर पडदा ओढून घाट उतरणे, हा व्यवहार कोणत्याही हिशोबात बसत नाही. धुके डोंगरावर असेल तर त्याला इलाज नाही, वेग कमी करणे एवढेच हाती असते. काचेवरचे धुके मात्र आपणच आणलेले असते आणि ते घालवणेही आपल्याच हाती असते.